बाभळीचे आरे

सिद्राममामांनी चाक दोन विटांवर आडवं ठेवलं, शेजारी उकिडवे बसले आणि एकेका आऱ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करत गेले. आरे बारा होते. बाराही वेळा त्यांनी मान कलती करून ऐकलं.

"काय ऐकताय मामा?"

"बोलत्यात," ते म्हणाले. "एकादा ढिला असला की त्यो येगळं बोलतोय. ह्ये बाराबी एकच बोलाय लागल्यात. माजं काम झालं नेमण्णा. आता तुमचं."

एकोणनव्वद सालचा फेब्रुवारी होता, शनिवारची दुपार. मिरजेत एसटी स्टँडच्या मागे माझं पत्र्याचं गॅरेज होतं. एरवी तिथं टेम्पो आणि स्कूटरी यायच्या; पण गेली दोन वर्षं मधोमध डॉक्टर सबनिसांची गाडी उभी होती. अमेरिकन, सन चोवीसची, कापडी टपाची. डॉक्टरांच्या वडिलांनी घेतलेली. वडील गेल्यावर तीस वर्षं ती बंगल्यामागच्या शेडमध्ये पोत्यांखाली पडून होती. डॉक्टर डोळ्यांचे सर्जन. अथणी-विजापूरपासून माणसं मोतीबिंदू काढायला त्यांच्याकडे यायची. पन्नाशी झाल्यावर एक दिवस त्यांनी मला बोलावून ती पोती बाजूला केली आणि म्हणाले, "नेमिनाथ, हिच्यात मला लहानपणी उलटी व्हायची. पुन्हा एकदा बसायचंय."

इंजिन मी खोललं, धुतलं, बसवलं. जे भाग मिळाले नाहीत ते लेथवर करून घेतले. अडलं ते मागच्या उजव्या चाकापाशी. त्या गाडीची चाकं लाकडी आऱ्यांची आणि या एका चाकाचे आरे वाळवीनं पोखरलेले. पुण्या-मुंबईला विचारून झालं. मग कुणीतरी मिरजेजवळच्या बेडग गावच्या सिद्राम सुतारांचं नाव सांगितलं. बैलगाडीची चाकं करण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात नव्हता. त्यांनी जुना आरा अर्धा तास हातात फिरवला. म्हणाले, "ह्ये परदेशी लाकूड हाय. आपल्यात बाभळच चालंल. पर वढ्याकडची नगं, माळावरची. माज्याकडं चार सालाची वाळलेली हाय." दोन महिने लागले त्यांना. चाक झालं तेव्हा मी त्यावरून हात फिरवला आणि सांधा कुठं आहे ते मला समजलं नाही.

माझं काम राहिलं होतं ते रिम चढवण्याचं. त्या काळच्या गाड्यांची रिम टायरसकट चाकापासून सुटी व्हायची. लाकडी कड्यावर लोखंडी पट्टी असते. तिच्यावर रिम सरकवायची, मग दोन्हींच्या मधल्या फटीत सहा लोखंडी पाचरी बसवायच्या आणि प्रत्येक पाचर नटानं आवळायची. सगळी रिम त्या सहा पाचरींवर उभी. एक नट एकदम आवळून टाकला की रिम एका अंगाला जाते, म्हणून समोरासमोरचे थोडे थोडे आवळायचे, चाक फिरवायचं, कडेला खडू धरायचा, खडू कुठं लागतो ते बघायचं, पुन्हा आवळायचं. दीड तास मी तेच करत होतो. मामा बघत होते. शेवटी खडूची रेघ सगळीकडे सारखी उमटली.

"झ्याक," मामा म्हणाले. "पर नेमण्णा, लाकूड नवं हाय. पयल्यांदा वजन आलं की ते दबतंय. पाच-सा मैल झालं की नट परत आवळाय लागतील."

"माहीत आहे मामा."

मला खरंच माहीत होतं. पानाही मी गाडीच्या सीटखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, पुण्याहून रणदिवे येणार होते. त्यांच्याकडे एकोणीस जुन्या गाड्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, माझं काम बघायला. "त्यांना पटलं तर त्यांच्या गाड्या तुमच्याकडे येतील," असं डॉक्टर दोनदा बोलले होते. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. गॅरेजचा पत्रा गळत होता. मी रविवारसाठी पांढरी पँट शिवून घेतली होती.

सकाळी आठ वाजता डॉक्टरांच्या बंगल्यापुढे गाडी उभी होती. सिद्राममामाही आले होते, धुतलेलं धोतर आणि गुलाबी पटका बांधून. रणदिवे उंच, गोरे, गळ्यात कॅमेरा. त्यांनी माझ्याशी हात मिळवला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि मागच्या उजव्या चाकापाशी येऊन थांबले.

"हे चाक कोणी केलं?"

"हे आमचे सुतार," मी म्हणालो. "बेडगचे."

रणदिवे सरळ मातीत गुडघे टेकून बसले. "तुम्ही केलंत? हातानं? लाकूड कुठलं?"

"बाभळ हाय सायेब."

"आणि सांधा? सांधा कसा घेतलात?"

मामा लाजत लाजत सांगायला लागले. रणदिवे ऐकत राहिले, मध्येमध्ये फोटो काढत राहिले. मामांना चाकाशेजारी बसवून तीन फोटो काढले. मी बॉनेट उघडून उभा होतो. दोन वर्षांचं माझं काम त्या बॉनेटखाली होतं. अर्ध्या तासानं रणदिवे पुढे आले, आत एक नजर टाकली, "व्हेरी क्लीन," म्हणाले आणि पुन्हा मागे वळून बोलले, "डॉक्टर, असा माणूस मी पुण्यात वीस वर्षं शोधतोय."

ते माझ्याबद्दल बोलत नव्हते.

आम्ही निघालो. डॉक्टर चालवायला, शेजारी रणदिवे, मागे मी आणि मामा. मोटारीत बसायची मामांची ती पहिलीच वेळ नव्हती. पण आपण केलेल्या चाकावर बसायची पहिलीच होती. दोन्ही हातांनी पुढची सीट धरून ते सारखे उजवीकडे वाकून खाली बघत होते. रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. सायकलवरची पोरं ओरडत मागं लागत होती. डॉक्टर हसत होते. मीही हसत होतो; पण रणदिव्यांचं ते वाक्य कानातून जात नव्हतं.

सांगलीला गणपतीच्या देवळापाशी थांबलो. मिरजेपासून सहा मैल झाले होते. डॉक्टरांनी देवळात नारळ फोडला. खोबरं वाटलं. रणदिव्यांनी आणखी फोटो काढले. तेवढ्यात मामा माझ्याजवळ आले. त्यांना हळू बोलायची सवय नव्हती.

"नेमण्णा, नट बगून घ्या."

रणदिव्यांनी वळून पाहिलं. "कसले नट?"

"रिमचं, सायेब. लाकूड दबल्यालं असतंय. आवळाय लागत्यात."

"करेक्ट," रणदिवे म्हणाले. "यांना सगळं माहीत आहे." आणि मग माझ्याकडे बघून, "बघितलेत ना?"

पाना सीटखाली होता. दहा मिनिटांचं काम. पण गाडीचा मिस्त्री मी आणि माझ्या कामाची आठवण मला एका सुतारानं करून द्यायची, तीही या माणसासमोर! आता पाना काढून खाली बसलो असतो तर मामांनी सांगितलं म्हणून मी बसलो असं झालं असतं.

"बघितलेत," मी म्हणालो. "तुम्ही देवळात होता तेव्हाच."

मामांनी एकदा चाकाकडे पाहिलं आणि ते गाडीत चढले.

डॉक्टर म्हणाले, हरिपूरला जाऊ, संगमावर बसून डबे खाऊ. हरिपूरचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना जुनी चिंचेची झाडं. रस्ता रिकामा होता म्हणून डॉक्टरांनी वेग वाढवला. मैलभर गेल्यावर मागून करकर ऐकू यायला लागली. बारीक, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा.

"डॉक्टर, जरा थांबा," मामा म्हणाले. "आवाज येतोय."

डॉक्टरांनी वेग कमी केला. "काय हो नेमिनाथ? थांबू का?"

त्याक्षणी मला समजलं होतं तो आवाज कसला आहे ते. पाचर हलली की तसाच आवाज येतो. पण थांबलो तर मी नट बघितले नव्हते हे सगळ्यांना दिसणार होतं.

"काही नाही डॉक्टर," मी म्हणालो. आणि मग हसत, मामांच्या गुडघ्यावर थाप मारून: "मामा, लाकूड तुमचं. काय बोलतंय ते तुम्हीच सांगा की!"

रणदिवे हसले. डॉक्टरही हसले. मामा कसनुसं हसले आणि त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा वेग वाढवला.

मग गाडीच्या उजव्या बाजूनं एक चाक पुढं गेलं. अगदी शांतपणे, आपल्या वाटेनं चालल्यासारखं. टायर आणि रिम. आमच्या शेजारून, मग आमच्या पुढं, मग रस्त्याच्या कडेला उतरून उसात. मी ते बघत होतो आणि ते आपलंच आहे हे डोक्यात शिरायला वेळ लागला. गाडी मागून उजवीकडे खाली बसली. नुसत्या लाकडी कड्यावर ती घासत, धडधडत तशीच पुढं चालली होती. डॉक्टरांनी ब्रेक दाबला. गाडी तिरकी झाली, मागचा भाग चिंचेच्या बुंध्यावर आदळला. मोठा कडाका झाला. मग सगळं थांबलं.

रणदिव्यांना खरचटलं होतं. मला आणि मामांना काहीच नाही. डॉक्टर स्टिअरिंगवर वाकून बसले होते आणि डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं. स्टिअरिंगनं झटका खाल्ला होता आणि त्यांचा हात त्याच्या दांड्यांत सापडला होता. चेहरा पांढरा पडलेला. पण ओरडले नाहीत. "मोडलंय," एवढंच म्हणाले, दुसऱ्या कुणाचा हात तपासल्यासारखं.

रणदिवे खाली उतरले, चाकाकडे गेले. बारा आऱ्यांपैकी सात मोडले होते. पांढरं लाकूड बाहेर आलेलं.

"आरे गेले," ते म्हणाले. "बाभूळ. तरी मला वाटत होतं. या गाडीला अमेरिकन हिकरीचंच लाकूड लागतं."

मामा गाडीतून उतरले. रस्त्यावर पडलेला एक तुकडा त्यांनी उचलला. मोडलेली बाजू डोळ्यांजवळ धरून कितीतरी वेळ बघितली. मग ते डॉक्टरांकडे गेले. पटका काढून हातात घेतला.

"डॉक्टर, चूक माजी हाय. माजं लाकूड मोडलं."

"असू दे हो," डॉक्टर म्हणाले. "मुद्दाम थोडंच केलंत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. निदान मला तसं वाटलं. मी म्हणालो, "मी रिम घेऊन येतो," आणि आलो त्या रस्त्यानं मागे चालायला लागलो.

पाऊणशे पावलांवर पहिला नट पडला होता, डांबरावर, उन्हात चमकत. पुढं दुसरा. मग एक पाचर. मग आणखी दोन नट. चार सापडले. मी प्रत्येक उचलून आटे बघितले. एकही आटा झिजलेला नव्हता, तुटलेला नव्हता. एक-एक फेरा सुटत सुटत ते आपोआप निघाले होते. आरे मोडायच्या आधी. रिम निघाल्यावर, गाडी झाडावर आदळल्यावर आरे मोडले होते. लाकडाचा काही दोष नव्हता.

ते हातात घेऊन परत गेलो असतो, सगळ्यांपुढे हात उघडला असता, तर दोन वाक्यांचं काम होतं. मी वळून बघितलं. मामा रस्त्याच्या कडेला बसले होते, आऱ्याचा तुकडा मांडीवर घेऊन. रणदिवे डॉक्टरांचा हात रुमालानं बांधत होते. मी चारही नट पँटच्या खिशात टाकले आणि उसातून रिम काढून आणली.

संध्याकाळी गॅरेजवर येऊन ते भंगाराच्या डब्यात टाकले. महिन्यानं भंगारवाला आला तेव्हा डबा गेला.

डॉक्टरांचं हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. वर्षभर त्यांनी वाट पाहिली आणि मग ऑपरेशन करणं सोडलं. डोळे तपासायचे, चष्म्याचे नंबर काढायचे, ऑपरेशनसाठी पेशंट दुसऱ्याकडे पाठवायचे. रणदिव्यांनी मला पत्र पाठवलं. त्यांच्या दोन गाड्या माझ्याकडे आल्या, मग आणखी तीन. "लाकडाच्या बाबतीत त्या सुतारावर विश्वास टाकून तुमचीही फसगतच झाली," असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. चाकं ते परदेशातून मागवायचे. मी पत्र्याच्या जागी स्लॅब घातला.

सिद्राममामा पुन्हा मिरजेला आले नाहीत. मी बेडगला गेलो नाही. वर्ष-दोन वर्षांनी कधी कानावर यायचं की त्यांनी चाकं करणं सोडलंय. मी मनाशी म्हणायचो, आता बैलगाड्यांनाही रबरी टायर आलेत, सगळेच सोडताहेत.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा गुंडू ट्रॅक्टरचा एक पार्ट घ्यायला मिरजेला आला होता. दुकानात भेट झाली. मी विचारलं, "मामा काय करतात?"

"बसून असत्यात."

"लाकूडकाम?"

"न्हाई. त्या गाडीपासनं न्हाईच. लोकं येत्यात की, नांगर आणत्यात, दाराची चौकट आणत्यात. त्यो हातच लावत न्हाई. म्हंतो, मला आता लाकूड कळत न्हाई." गुंडूनं पार्ट पिशवीत टाकला. "आमी म्हंतो, एक चाक मोडलं म्हणून काय झालं? त्यो म्हंतो, मी वाजवून बगितलं हुतं, बाराबी चांगलं बोललं हुतं. मला ऐकूच आलं न्हाई."

हे ऐकल्यावरही मी लगेच गेलो नाही. दोन महिने गेले. मग एका सकाळी गेलो.

मामा घरापुढच्या ओट्यावर बसले होते. सत्तरी उलटली होती. जिथं पूर्वी त्यांचं काम चालायचं त्या छपरात शेळ्यांचा चारा भरला होता. मला बघून त्यांना आनंद झाला. "तानू, कोन आलंय बग! मिरजंचं नेमण्णा." त्यांच्या बायकोनं, तानूबाईंनी, चहा आणून दिला. डॉक्टर कसे आहेत, हात कसा आहे, मामांनी दोनदा विचारलं. चहा संपेपर्यंत मी इकडचं तिकडचं बोललो. मग कप खाली ठेवला.

"मामा, त्या दिवशी आरे आधी मोडले नाहीत. आधी रिम सुटली."

मामांनी मान कलती केली.

"मी नट आवळले नव्हते. गणपतीपाशी तुम्ही आठवण केलीत, तेव्हा खोटं बोललो. नंतर रस्त्यात नट पडलेले सापडले. मी ते खिशात घातले आणि कुणाला सांगितलं नाही."

तानूबाई दारात उभ्या होत्या. मी खाली बघत होतो. आता शिव्या येतील, असं वाटत होतं. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किती सापडलं?" मामांनी विचारलं.

"चार."

"आटं?"

"शाबूत होते."

मामांनी उजवा तळहात समोर धरला आणि हवेत हळूहळू पुढं सरकवला, जणू रस्त्यावरून गाडी चालवत होते. "म्हंजे रिम गेली तवा आरं उभं हुतं?"

"हो."

"आन मग मोडलं कवा?"

"गाडी झाडावर आदळली तेव्हा. रिम गेल्यावरही साठ-सत्तर फूट गाडी नुसत्या लाकडावर चालली होती मामा. तेव्हाही मोडले नाहीत."

"निस्त्या लाकडावर? चार मानसं घिऊन?"

"हो."

त्यांचा हात हवेत तसाच थांबला. मग त्यांचा चेहरा हलला. मला वाटलं ते रडणार. पण ते हसले, दात नसलेल्या तोंडानं, अगदी मोकळं. "तानू, ऐकलंस का गं? लाकूड चांगलं हुतं! साठ फूट निस्त्या लाकडावर गेली गाडी! चार मानसं घिऊन!" आणि माझ्याकडे वळून, माझा हात धरून, "लई बरं केलासा नेमण्णा. लई बरं केलासा, सांगितलासा ते."

मला हात सोडवून घेता येईना.

तानूबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्यापुढचा रिकामा कप उचलला आणि तो हातात धरूनच विचारलं, "डॉक्टरास्नी सांगितलासा?"

"अजून नाही."

"डॉक्टर तुमच्या गावात. तुमच्या घरापासनं त्यांचं घर किती लांब?"

"पाच मिनिटं."

"मग ते सोडून बेडगला का आलासा आदी?"

उत्तर मला ठाऊक होतं, त्यांनाही. इथं मला कुणी काही म्हणणार नाही म्हणून आलो होतो. मी उठलो. मामा म्हणाले, "या परत." तानूबाई कप घेऊन आत गेल्या.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर चार-पाच पेशंट होते. मी नंबर लावून बसलो. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "काय नेमिनाथ, डोळे दाखवायचेत का?" मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. देवळापाशी काय बोललो, रस्त्यात आवाज आला तेव्हा का थांबू दिलं नाही, नटांचं काय केलं. या वेळी काही वगळलं नाही. रणदिवे मामांचे फोटो काढत होते ते बघून मला काय वाटलं होतं, तेही सांगितलं.

माझं संपल्यावर डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. उजवा हात मांडीवरच होता.

"सिद्रामला सांगितलंत?"

"हो. सकाळी."

"काय म्हणाला?"

"त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, की लाकूड चांगलं होतं का."

डॉक्टर खिडकीकडे वळले.

"दर संक्रांतीला मी त्याला तिळगूळ पाठवतो," ते म्हणाले. "सोबत चिठ्ठी. की मी केव्हाच माफ केलंय, मनाला लावून घेऊ नका. पहिल्या वर्षी मुलाबरोबर उलट निरोप आला, डॉक्टर मोठ्या मनाचे आहेत. त्यानंतर काही नाही. मला वाटायचं, काय हा हट्ट! मी माफ करतोय, तर याला ती माफी घेता का येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नव्हता.

"अकरा चिठ्ठ्या झाल्या, नेमिनाथ. ज्यानं काही केलंच नव्हतं त्या माणसाला तुम्ही माझ्याकडून अकरा वेळा माफ करवलंत. दर वर्षी मीच त्याला आठवण करून देत होतो."

काहीतरी करावं म्हणून म्हणालो, "डॉक्टर, उद्या सकाळी मी गाडी घेऊन येतो. आपण दोघं मिळून बेडगला—"

"नको," ते म्हणाले. "बेडगची एसटी किती वाजता सुटते, तेवढं सांगा."

"साडेसातला."

त्यांनी चष्मा घातला, डाव्या हातानं पॅडवर सावकाश साडेसात असं लिहून घेतलं आणि बाहेरच्या पेशंटला हाक मारली.